ती नांदते, तो नांदवतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती, चारच ओळींची. हेडिंग होतं, 'नांदायला येत नाही म्हणून विवाहितेला मारहाण'. असल्या बातम्या रोजच असतात त्यामुळे कुणाला काही वाटलं नसणार, मला पण पहिल्यांदा काही वाटलं नाही, पान उलटलं आणि मग परत मागे आले. कारण त्या हेडिंगमधे मारणारा कुठंच नाहीये हो. विवाहिता आहे, मारहाण आहे, मारहाणीचं कारण पण आहे, आणि ते कारण त्याच्या बाजूचं. म्हणजे ज्याने मारलं तो बातमीतनं गायब आणि त्याची तक्रार मात्र ठळक टायपात!

मी कोण ते सांगते म्हणजे बोलण्याचा अधिकार काय ते कळेल. मी एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करते, 22 वर्षं झाली. वकील लोक तोंडी सांगतात नाहीतर कच्चं लिहून देतात, मी टाइप करून देते. दावे, कैफियती, शपथपत्रं, पोटगीचे अर्ज, घरगुती हिंसाचाराचे अर्ज. त्यामुळे बायकांबद्दल कागदावर काय काय लिहितात हे मला माहितीये, त्यातलं बरंचसं माझ्याच बोटांनी लिहिलंय.

तर 'नांदणे' या शब्दापासूनच सुरू करते. हा शब्द एकेकट्या माणसाच्या बाबतीत आपण बहुतेक बाईलाच वापरतो. घरात सुख नांदतं, गोकुळ नांदतं आणि सून नांदते. जावई कधी नांदत नाही, घरजावई असला तरी तो 'राहतो'. नवऱ्याने कलम 9 चा दावा, म्हणजे सोडून गेलेल्या जोडीदाराला परत आणायचा दावा, टाकला की त्यात शेवटी विनंती असते, जाबदार (म्हणजे जिच्यावर दावा टाकलाय ती) हिने अर्जदाराकडे नांदावयास यावे असा हुकूम व्हावा. आणि बायकोने तोच दावा टाकला (टाकतात, बायका पण टाकतात, पोटगी अडकली की बऱ्याचदा टाकतात) तर त्यात 'नांदायला यावे' असं येत नाही, तिथं येतं जाबदाराने अर्जदार हिस नांदवावे. बघा फरक. ती नांदते, तो नांदवतो. दोघांचंही करणं एकच असायला पाहिजे ना, एका घरात राहणं, पण क्रियापदच असं की घर त्याचं आणि तिला तिथं ठेवून घेणं हे त्याचं काम. मी हे हजारदा टाइप केलं असेल आणि माझ्या लक्षात यायला पंधरा वर्षं गेली, कारण शब्द रोजच्या वापरातला असला की दिसतच नाही.

आता कुणी म्हणेल ही आपली जुनी संस्कृती, तिच्यात असंच आहे. तर तसं पण नाही. हा जो दावा आहे, रुसून गेलेल्या जोडीदाराला कोर्टाच्या हुकमाने परत आणायचा, तो आपल्या धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातनं आलेला आहे. रखमाबाईंच्या खटल्यात हेच झालं. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे जायला तयार नव्हत्या, 1884 साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा टाकला. पहिल्या जजने 1885 मधे रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, मग अपील झालं, आणि 1887 मधे दुसऱ्या जजने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. शेवटी 1888 मधे तडजोड झाली, नवऱ्याला 2000 रुपये मिळाले, आणि ही बाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. टिळकांच्या पेपरांनी तेव्हा तिच्यावर टीका केली होती हे पण सांगून ठेवते, पेपरला पत्र लिहितेय म्हणून. तर ज्यांच्याकडून हा दावा आला त्या इंग्लंडने तो 1970 च्या कायद्याने मोडीत काढला. आपण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम 9 म्हणून नीट बसवला आणि अजून चालवतोय. इंग्रजांची ओझी आपण उतरवली म्हणतो, पण बाईच्या अंगावरची तेवढी 'आपली परंपरा' म्हणून तशीच ठेवली.

विनयभंग तसाच. हा शब्द इंग्रजांनी केलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेतल्या इंग्रजी शब्दाचं मराठी. 1 जुलै 2024 पासून नवीन न्याय संहिता आली, कलमाचा नंबर बदलला, 354 चं 74 झालं, गुन्ह्याचं नाव तेच. हात त्याने घातला आणि भंगलं काय तर तिचा विनय. चोराने घर फोडलं तर आपण घरमालकाच्या कुठल्या गुणाचा भंग झाला असं विचारतो का? आणि हे नुसतं शब्दाचं खुसपट नाही. साठच्या दशकात पंजाबातली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, साडेसात महिन्यांच्या बाळाला त्या माणसाने इजा केली होती आणि कोर्टापुढे प्रश्न काय तर एवढ्या लहान मुलीला 'विनय' असतो का. हायकोर्टातल्या जास्त जजनी नाही म्हणलं. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, तिथं पण सगळे जज एकमताचे नव्हते. एक शब्द चुकीचा ठेवला की शहाणी माणसं कुठपर्यंत जाऊन पोचतात बघा.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते, जिच्यासाठी खरंतर हे पत्र लिहायला घेतलं. नाव गाव सांगत नाही, थोडं फिरवून लिहितेय.

एक बाई आल्या होत्या वकिलांबरोबर, तिशीच्या आसपास, घरगुती हिंसाचाराचा अर्ज करायचा होता. वकील बोलत होते, मी टाइप करत होते, आमचा ठरलेला मसुदा असतो, नावं तारखा बदलायच्या आणि बाकी कॉपी पेस्ट. नाव, वय, मग 'धंदा - घरकाम' (ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, पण पोटगी मागायची तर कमावते असं दिसायला नको म्हणून घरकाम, आणि घरकाम हा धंदा आहे हे तेवढ्या एका ओळीत मान्य होतं, पुढे कुठंच नाही). मग विवाह कधी झाला, मग 'सुरुवातीचे काही दिवस जाबदाराने चांगले नांदविले', मग 'शारीरिक व मानसिक छळ व जाचहाट'. ती बाई सगळं ऐकत उभी होती. मधेच म्हणाली, ताई, ते लिहिलं का?

म्हणलं काय ते?

म्हणे, नऊ वर्षांत त्याने मला एकदा पण नावाने हाक मारली नाही. आणि मग तो काय म्हणून हाक मारायचा ते तिने सांगितलं. दोन शब्द होते. इथं लिहिले तर तुम्ही छापणार नाही, फुल्या टाकाल. ती म्हणाली मारायचा पण, पण मार विसरायला होतो हो, हे रोज सकाळी उठल्यापासून, पोरांसमोर, आता पोरगा पण मला तसंच म्हणायला लागलाय.

वकील म्हणाले, हे कायद्यात नाही बसत, मारहाणीचं सांगा, दवाखान्याचे कागद आहेत का. आता मी टायपिस्ट, मी मधे बोलायचं नसतं, पण बोलले. कारण 2005 चा तो कायदा मी इतक्या वेळा टाइप केलाय की पाठ झालाय. त्याच्या कलम 3 मधे शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट लिहिलाय, अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही यावरून बोलणं, सगळं आहे. शब्दाने पण हिंसा होते हे आपल्या संसदेने 20 वर्षांपूर्वी मान्य केलंय, फक्त तालुक्याला अजून पोचलं नाही. वकील भले माणूस होते, म्हणाले बरं, टाका एक ओळ. आणि त्यांनी ओळ सांगितली, 'जाबदार हा अर्जदार हिस अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करीत असे.'

प्रिंट काढली, बाईंनी वाचली, सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, बोट ठेवून वाचत होत्या. त्या ओळीवर थांबल्या. अर्वाच्य म्हणजे?

म्हणलं, जे उच्चारता येत नाही, तोंडाने बोलण्यासारखं नाही असं.

त्या म्हणाल्या, पण मी तर आता उच्चारलं की तुमच्यासमोर.

मला काही सुचेना. खरंच होतं ते. नऊ वर्षं जे ऐकलं ते तिने दोन अनोळखी माणसांसमोर भर कोर्टाच्या आवारात बोलून दाखवलं, केवढी हिंमत लागली असेल, आणि आम्ही सभ्यपणे त्यावर पडदा टाकून दिला. मी म्हणलं टाकू का शब्द जसेच्या तसे, अवतरणात? वकील म्हणाले नको, साहेबांसमोर बरं दिसत नाही. राहिलं.

पुढे काही महिन्यांनी उलटतपास झाला. समोरच्या वकिलांनी विचारलं, नक्की कोणते शब्द वापरले ते अर्जात कुठं लिहिलंय का? नाही. तारीख वार? नाही. म्हणजे तुमचे आरोप मोघम आहेत. मोघम हा शब्द आमच्याकडे फार चालतो. बाई खरं बोलते तेव्हा ते अर्वाच्य असतं म्हणून खोडायचं आणि खोडलं की मोघम झालं म्हणून फेटाळायचं, आता यातनं तिनं जायचं कुठनं.

नवऱ्यांच्या दाव्यात असली अडचण येत नाही बरं का. तिथं मसुदा तयार असतो. 'जाबदार ही हट्टी, तापट व उद्धट स्वभावाची असून उलट उत्तरे देते, अर्जदार हा शांत व मनमिळाऊ स्वभावाचा आहे.' हे मोघम आहे असं सहसा कुणी म्हणत नाही. 22 वर्षांत मी एकही तापट नवरा टाइप केलेला नाही, नवऱ्याच्या बाजूने करताना म्हणतेय. पुरुषाने अपमान सहन केला नाही तर स्वाभिमानी, बाईने केला नाही तर तोरा, शिष्टपणा, 'माहेरच्यांची फूस'. बाईच्या स्वाभिमानाला मराठीत धड शब्द नाही असं मला कधी कधी वाटतं, जे आहेत ते अब्रू, शील, लाज, कुळाचा मान, आणि ते सगळे दुसऱ्यांच्या मालकीचे, तिने नुसते सांभाळायचे. बाकी दिली, केली, उजवली, खपली, टाकली, यात तर ती माणूस आहे का सामान तेच कळत नाही.

यावर लगेच एक उत्तर येतं की मराठीचंच असं आहे, इंग्रजीत बघा किती मोकळं. हे मला अजिबात पटत नाही. विनयभंग आणि कलम 9 दोन्ही इंग्रजीतनंच आले हे वर सांगितलंच. व्यभिचाराचं कलम 497 पण त्याच दंडसंहितेतलं, त्यात दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्यावर गुन्हा, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! बायको म्हणजे काय शेजाऱ्याला वापरायला दिलेली वस्तू. ते जायला 2018 साल उजाडलं. पण इंग्रजीचा दुसरा एक परिणाम आहे तो मी रोज बघते. कोर्टाच्या खिडकीवर एखादी मुलगी आली आणि दोन वाक्यं इंग्रजीत बोलली की 'मॅडम बसा ना'. तिच्यामागे उभी असलेली, तिच्या आईच्या वयाची बाई आपल्या बोलीत विचारते, तर तिला 'ए मावशे, थांब जरा तिकडं'. म्हणजे बाईला तुम्ही म्हणायचं का तू, हे तिच्या वयावर नाही, ती कुठल्या भाषेत बोलते त्यावर ठरतं. आणि खिडकीमागचा माणूस आमच्यातलाच, त्याची आई पण तसंच बोलत असणार. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पण पेढे वाटले, मी पण खाल्ला. मराठी अभिजात झाली, मराठी बोलणारी मावशी अजून तिकडंच थांबलीय.

प्रकरण हायकोर्टात गेलं की ती आणखीनच लांब जाते. तिथलं कामकाज इंग्रजीत, घटनेचं कलम 348. निकालाची प्रत घेऊन बायका माझ्याकडे येतात, ताई वाचून सांगा काय लिहिलंय. स्वतःच्याच आयुष्याचा निकाल आणि त्यात तिला ओळखू येतं ते फक्त स्वतःचं नाव, ते पण नवऱ्याच्या नावाशेजारी. एकीचं वाचून सांगितलं होतं, त्यात होतं की पत्नीने वाजवी कारणाशिवाय सासरचं घर सोडलं. ती म्हणाली सोडलं नाही हो, रात्री दीडला पोरगी काखेत घेऊन भिंतीवरून उडी मारली. आता भिंतीवरून मारलेली उडी इंग्रजीत जाईपर्यंत 'घर सोडलं' होते, यात भाषांतर करणाऱ्याची तरी काय चूक, आमच्याकडनं वर जातानाच 'अर्जदार ही माहेरी निघून आली' असं गेलं होतं. टाइप मीच केलं होतं.

भाषा कुठली वापरली यावर बाईचं म्हणणं किती लांब ऐकू जातं ते ठरतं, याचं मला नवल वाटतं. रखमाबाईंनी 1885 मधे टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली, इंग्रजीत, 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने, आणि त्यांचं प्रकरण लंडनपर्यंत गाजलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1882 मधे, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी स्त्रीपुरुष तुलना लिहिलं, रोखठोक मराठीत. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती (पुढे ती कमी झाली) आणि पुणेवैभव पेपरात त्या निमित्ताने समस्त बायकांच्या नीतीवर लिहून येत होतं, त्याला दिलेलं ते उत्तर. म्हणजे पेपरवाल्यांनाच दिलेलं उत्तर होतं एका अर्थी. जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, बाकीच्यांनी टिंगल केली, आणि पुस्तक विस्मृतीत गेलं ते 1975 मधे स. गं. मालशे यांनी शोधून परत छापेपर्यंत. 93 वर्षं! ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचं दिसत नाही.

बदल होतच नाहीत असं म्हणत नाही मी. 2023 मधे सुप्रीम कोर्टाने जजेससाठी एक पुस्तिकाच काढली, बाईबद्दल निकालपत्रात कुठले शब्द वापरू नयेत याची. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागायला लागलं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने 2024 मधे ठराव केला की आईबहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड, हसले लोक, पण मला आवडलं, कारण निदान शिवीत नाव कुणाचं आणि भांडण कुणाचं एवढं तरी गावसभेत बोलून झालं. नाहीतर 2023 मधलं ते 'गंगा भागीरथी' प्रकरण आठवा, विधवा म्हणायचं नाही गं.भा. म्हणायचं असं मंत्र्यांच्या पत्रात आलं आणि एवढी ओरड झाली की मागं घ्यावं लागलं. नवरा गेलेल्या पुरुष... बघा, हेच, मराठीत वाक्य सुरू करायला जाते आणि अडकते. बायको गेलेला पुरुष. त्याला विधुर म्हणतात पण त्याच्या नावामागे कुठं काय लागतं? तो श्री. होता, श्री. राहतो. आमचं मात्र कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं.भा., आणि माहेरचं नाव सांगायचं तर 'पूर्वाश्रमीची', जसं काही संन्यास घेतलाय.

माझं स्वतःचं काही फार चांगलं आहे असं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच टाइप केली, चि. सौ. कां. लिहिलं, कारण सासरचे काय म्हणतील. मुलगा मला अगं म्हणतो, वडलांना अहो. विचारलं तर म्हणतो आई जवळची वाटते म्हणून. असेलही. पण मग बाबांना जवळचं वाटून घ्यायचं नसतं का, ते त्यालाही सांगता आलं नाही, हसला नुसता.

एक केलंय. गेल्या वर्षभरापासून मसुद्याची माझ्याकडची फाईल मी बदलून ठेवलीय. 'अर्वाच्य भाषेत' च्या पुढे दोन अवतरणचिन्हं आणि मधे मोकळी जागा. वकिलांना विचारते इथं काय टाकायचं. निम्मे म्हणतात काढून टाका. काही जण बाईकडे बघतात, आणि ती सांगते.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. हेडिंग करताना 'विवाहितेला मारहाण' च्या आधी 'पतीकडून' एवढं एक टाका, जागा पुरत नसेल तर 'विवाहितेला' काढा, तिचं लग्न झालंय हे तो नवरा आहे म्हणल्यावर कळतंच. आणि 'नांदायला येत नाही म्हणून' हे कारण असेल तर कुणी सांगितलं ते लिहा, पोलिसांनी, नवऱ्याने का तिने.

पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल. ऱ्हस्वदीर्घ सुधारा, माझे चुकतात. फक्त 'नांदवतो' आहे तिथं तसंच राहू द्या, 'नांदतो' करू नका. आणि खाली सौ. लावू नका, मी लावलेलं नाही.

आपली,
एक टायपिस्ट
(नाव कळवलं आहे, छापू नये, इथंच बसायचंय रोज)